खाऱ्या झऱ्याभोवतीचं वळण

रोमानियाच्या ईशान्येला, कार्पाथियन पर्वत उतरत उतरत जिथे नुसत्या टेकड्या उरतात, तिथे तिस्मारा नावाची कोमूना आहे. कोमूना म्हणजे चार-पाच गावांचा मिळून एक कारभार, आपल्याकडच्या गट ग्रामपंचायतीसारखा. तिस्मारात चार गावं आहेत. देलेनी वर, टेकडीच्या अंगावर. लुंकानी खाली, नेग्रिशा नदीच्या काठच्या सपाटीवर. उरलेली दोन लहान गावं या दोघांतूनच पुढे फुटून निघाली. सरपंच एक, पोस्ट एक, शाळा एक.

नेग्रिशेला मिळणारा एक ओढा देलेनी आणि लुंकानीच्या मधून वाहतो. तीच दोन गावांची शीव. ती ओढ्याच्या पात्रातून सरळ खाली येते. मात्र एके ठिकाणी ती पात्र सोडते, देलेनीच्या बाजूचा चढ चढून दोनशे पावलं वर जाते, एका झऱ्याला वळसा घालते आणि पुन्हा ओढ्यात उतरते. नकाशात ते कोपरात दुमडलेल्या हातासारखं दिसतं. झऱ्याचं पाणी खारट आहे. या टेकड्यांच्या पोटात मीठ आहे आणि ते पाण्याबरोबर वर येतं. झऱ्याभोवतीच्या दगडांवर पांढरा थर बसलेला असतो. गवत उगवत नाही. उभं राहून पाहिलं तर झरा सरळसरळ देलेनीच्या जमिनीत आहे. पण आहे तो लुंकानीचा. जमीन मोजायला आलेल्या सरकारी माणसांनी ही शीव सरळ करून घ्या म्हणून तीनदा सुचवलं, आणि तिन्ही वेळा दोन्ही गावांनी नाही म्हटलं.

का, ते मोश इलारिए सांगतात. मोश म्हणजे तिकडे वयस्कर पुरुषाला मानानं म्हणायचा शब्द. इलारिए चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवत होते. आता पंचायतीच्या सभागृहाबाहेरच्या बाकावर बसून येणाऱ्या पाहुण्यांना झऱ्याची गोष्ट सांगतात. सभागृहाच्या स्वयंपाकघराची खिडकी त्या बाकाच्या बरोबर मागे उघडते आणि आत त्यांची बायको परास्किवा असते. त्यामुळे ही गोष्ट सहसा एकट्या इलारिएंची राहत नाही.

असं सांगतात, की फार पूर्वी, या मुलखात राजे होते आणि कागद फक्त मठांतून असायचा, तेव्हा शिवा माणसांच्या आठवणीत ठेवल्या जात. दर सात वर्षांनी वसंतात, संत गेओर्गेच्या दिवशी, गावातले म्हातारे शिवेवरून फिरत. बरोबर गावातली लहान मुलं असत. शिवेच्या प्रत्येक दगडापाशी थांबायचं आणि एकेका मुलाचे केस धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत ओढायचे. दुखलेली जागा माणूस विसरत नाही. पन्नास वर्षांनी कुणी विचारलंच, तर त्या मुलांतला एखादा म्हातारा सांगे, दगड इथे होता, इथे माझे केस ओढले होते. तेवढं पुरे होई.

नेत असत ते फक्त मुलग्यांना. पण एका फेरीत देलेनीच्या तोआदेर नावाच्या माणसानं आपल्या सहा वर्षांच्या नातीला नेलं. तिचं नाव साफ्ता. तोआदेरचे दोन्ही मुलगे साथीत गेले होते आणि घरात नेण्यासारखा दुसरा कुणी नव्हता. बाकीचे हसले. पण तोआदेरनं नऊच्या नऊ दगडांपाशी तिचे केस ओढले, आणि म्हणे, ती एकदाही ओरडली नाही.

"ओरडली," खिडकीतून परास्किवा म्हणते. "सहा वर्षांचं पोर ओरडणार नाही तर काय? ओरडली म्हणूनच लक्षात राहिलं तिच्या."

इलारिए मान हलवतात आणि पुढे जातात.

त्या काळी दोन्ही गावांकडे एकेक खारा झरा होता. देलेनीचा टेकडीच्या माथ्याजवळ, लुंकानीचा खाली, ओढ्याच्या चढावर. झऱ्याचं पाणी मोठ्या कढयांत आटवून मीठ करायचं आणि ते चीजला लावायचं, कोबीच्या पिंपांत घालायचं, मांसाला चोळायचं. हिवाळा सहा महिन्यांचा. मिठाशिवाय त्यातलं काही टिकत नसे.

साफ्ता अठरा वर्षांची असताना पाऊस थांबला नाही. या टेकड्या चिकणमातीच्या आहेत, जास्त भिजल्या की सरकतात. आजही तिथल्या रस्त्यांना दर वसंतात नव्या भेगा पडतात. त्या वर्षी टेकडीची एक अख्खी बाजू खाली आली. माणूस एकही मेला नाही. पण देलेनीचा झरा चिखलाखाली गेला आणि शिवेचे नऊपैकी तीन दगडही गेले. नेमके तेच तीन, जे ओढ्यापासून वर चढून लुंकानीच्या झऱ्याला वळसा घालत होते. लुंकानीचा झरा मात्र चिखलातून पुन्हा वर फुटला.

पहिल्या हिवाळ्यात देलेनीतलं चीज कुजलं. दुसऱ्या हिवाळ्यात लोकांनी पैदाशीसाठी राखलेल्या मेंढ्या कापून खाल्ल्या. तेव्हा गावातले बारा म्हातारे जमले. त्यांचा पुढारी इस्त्राते. तो म्हणाला, दगड दिसत नाहीत. ओढा दिसतो. जो कुणी परका येऊन बघेल, तो शीव ओढ्यातून जाते असंच म्हणेल. आणि शीव ओढ्यातून गेली, की झरा आपला.

लुंकानीवाल्यांनी अर्थातच मान्य केलं नाही. भांडण राजाच्या माणसापर्यंत गेलं. तो न्याय करायला घोड्यावरून आला. त्यानं ओढा पाहिला, चढ पाहिला आणि विचारलं, खाली ओढा असताना शीव डोंगर कशाला चढेल? ती चढत होती एवढंच लोकांना माहीत होतं. खरी गोष्ट वाकडी होती आणि खोटी सरळ, असं इलारिए इथे म्हणतात.

तेव्हा त्या मुलखाची रीत अशी होती. शिवेचा वाद मिटला नाही, तर एका माणसानं गवतासकट कापलेलं मातीचं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं आणि शिवेवरून चालायचं. तो चालेल ती शीव. खोटं चालला, तर डोक्यावर घेतलेली जमीनच त्याला गिळेल. राजाच्या माणसानं विचारलं, कोण चालणार? आणि लुंकानीवाल्यांनी स्वतःहून नाव दिलं. देलेनीच्या तोआदेरचं. तो आजवर खोटं बोललेला नाही, तो चालेल ते आम्हाला मान्य, असं ते म्हणाले.

बारा म्हातारे त्या संध्याकाळी तोआदेरच्या घरी गेले. साफ्ता चुलीपाशी मक्याच्या पिठाची मामालिगा घोटत होती.

इस्त्राते म्हणाला, "उद्या ओढ्यातून चाल. बाकी काही करायचं नाही."

तोआदेरच्या आधी साफ्ता बोलली.

"पाचवा दगड ओढ्यात नव्हता. वर होता, दोन बुंध्यांच्या बीचच्या झाडाखाली. सहावा झऱ्याच्या मागे. तिथे माझे केस ओढले होते."

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या फेरीतल्या आणि तिच्या पुढच्या फेरीतल्या सगळ्या मुलग्यांचा त्यांनी हिशेब लावला होता. दोघे लढाईत मेले होते, बाकीचे गप्प बसायला तयार होते. मुलीचेही केस ओढले गेले होते, हे बारांपैकी एकाच्याही लक्षात नव्हतं.

"मुलीची साक्ष कोण घेतं?" इस्त्राते म्हणाला.

"मग ओढले कशाला?"

"तोंड आवर पोरी. मोठी माणसं बोलतायत."

"मोठ्या माणसांनी लुंकानीला विचारलं का एकदा तरी? पाणी द्याल का म्हणून?"

विचारलं नव्हतंच. मागायला जाणं बारांपैकी एकालाही सुचलं नव्हतं, किंवा सुचलं तरी तो तसं म्हणाला नव्हता.

सगळे गेल्यावर साफ्ता आजोबांना म्हणाली, "आजोबा, दगड कुठे होता ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"जमीन गिळेल तुम्हाला."

"गिळू दे. चाळीस घरं आहेत वर. मी एक म्हातारा."

इलारिए सांगतात, की हा तोआदेरचा त्याग होता. गावासाठी त्यानं आपला जीव पणाला लावला. हे सांगताना त्यांचा आवाज थोडा वर जातो.

"आणि ते बारा काय करत होते?" परास्किवा खिडकीतून विचारते. "त्यांनी काय पणाला लावलं? टोप्या?"

दुसऱ्या दिवशी तोआदेर डोक्यावर ढेकूळ घेऊन ओढ्यातून चालला. दोन्ही गावं काठावर उभी होती. जिथे शीव वर चढायची, त्या ठिकाणी तो क्षणभर थांबला आणि सरळ पुढे गेला. जमीन उघडली नाही. कुठे तडा गेला नाही. तो ओढ्याच्या तोंडाशी नदीपर्यंत पोहोचला आणि राजाच्या माणसानं हात वर केला.

लुंकानीवाल्यांनी झऱ्यावरच्या आपल्या बादल्या उचलल्या आणि ते घरी गेले. म्हणे त्यांतले काही आपल्याच आठवणीवर शंका घेऊ लागले. तोआदेर ओढ्यातून चालला, त्या अर्थी शीव ओढ्यातच असेल. आपलंच चुकत असेल.

देलेनीवाल्यांना इतका सुटकेचा आनंद झाला, की तोआदेर नदीपाशी तसाच उभा आहे हे बऱ्याच वेळानं कुणाच्या तरी लक्षात आलं. ढेकूळ अजून डोक्यावरच होतं. "उतरव की आता," कुणीतरी म्हणालं. तोआदेर म्हणाला, "काय उतरवू?" त्याला वजनच कळत नव्हतं. दोघांनी मिळून ते उतरवलं.

त्या दिवशी गावजेवण झालं. नव्या झऱ्याच्या मिठाची पहिली चोर्बा, म्हणजे तिकडचं आंबट सार, कोकराचं मांस घालून केलेली. बारा म्हाताऱ्यांना आधी वाढलं. पहिला चमचा घेऊन इस्त्राते म्हणाला, अळणी आहे. बाकीच्या अकरांनीही तेच म्हटलं. बायकांनी मीठ घातलं. अजून अळणी. अजून घातलं. म्हाताऱ्यांनी मग स्वतः उठून मुठीनं घातलं. मुलांना वाढलं तेव्हा मुलांनी थुंकून टाकलं.

"खारट आहे!"

"सोंगं करू नका," म्हातारे म्हणाले. "आम्ही तुमच्या बापांच्या आधीपासून मीठ खातोय."

असं वर्ष गेलं. बारांच्या जिभेला मीठ लागत नव्हतं, आणि गावात मीठ किती घालायचं हे तेच बारा ठरवत होते. चीज इतकं खारलं, की कुत्री वास घेऊन निघून जात. कोबी खारला. मांस खारलं. ज्या मिठासाठी एवढं केलं, त्या मिठानंच सगळं वाया गेलं. लोकांचे ओठ फुटले. अंगावर पिणारी मुलं सुकली. कुणी म्हणालं, मीठ जास्त होतंय, तर म्हातारे शांतपणे त्याला बसवत आणि समजावत, की तुझी जीभ अजून कच्ची आहे. हळूहळू लोकांनी म्हणणंच सोडलं. जे वाढलं ते खायचं, पाणी प्यायचं, पुन्हा पाणी प्यायचं. चिडून बोलणाऱ्यालाही त्याच ताटात जेवायचं होतं.

तोआदेरचं तर मिठावर थांबलं नव्हतं. साफ्तानं एक दिवस त्याला मामालिगा अगदी बिनमिठाची दिली. त्यानं खाल्ली. दुसऱ्या दिवशी झऱ्याच्या पाण्यात शिजवून दिली. तीही तितक्याच सावकाश खाल्ली. मग तिच्या डोळ्यांदेखत त्यानं चुलीवरच्या कढईचा लोखंडी कान नुसत्या हातानं धरला, कढई उतरवली, खाली ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसला. तळवा पांढरा पडला आणि फुगून आला.

"दुखत नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"ढेकूळ घेऊन चाललो तेव्हापासून. आधी डोकं गेलं. मग मान. आता बोटं." तो हाताकडे दुसऱ्या कुणाच्या हाताकडे पाहावं तसा पाहत होता. "मला वाईटही वाटत नाही, साफ्ता. वाटायला हवं होतं, एवढं आठवतं."

साफ्तानं त्याच्या हाताला चरबी लावून फडकं बांधलं. ती रडली की नाही, हे कुणी सांगत नाही. परास्किवाही सांगत नाही. एवढंच सांगतात, की ती म्हणाली, "शिवेवरून मी चालते."

"गाव तुला ठेवणार नाही."

"माहीत आहे."

"आणि मी खोटं चाललो हे सगळ्यांना कळेल."

"हो," ती म्हणाली. ती थांबली नाही, आणि तिनं शब्द मवाळही केले नाहीत.

तोआदेर बाहेर गेला. अंगणाच्या कडेला त्यानं कुदळीनं गवतासकट ढेकूळ कापलं. पोळलेल्या हातानं, फडक्यातून पाणी झिरपत असताना. मग संत गेओर्गेच्या दिवशी सकाळी त्यानं स्वतः ते तिच्या डोक्यावर ठेवलं.

ती वरच्या टोकापासून निघाली. देलेनीतल्या बाराही म्हाताऱ्यांनी आपापल्या फाटकात उभं राहून तिच्याकडे पाठ केली. त्यांचं बघून इतरांनीही केली. बाया तेवढ्या भिंतींच्या कडेनं चालत खाली आल्या. खाली लुंकानीवाले जमले होते. पहिले चार दगड जागेवर होतेच. प्रत्येक दगडापाशी ती थांबली. मग ती ओढ्यातून बाहेर पडली आणि चढाला लागली. चिखल वाळून कडक झाला होता, पाय निसटत होते. ढेकळातली माती तिच्या मानेवरून आत पाठीत जात होती. बीचचं झाड केव्हाच वाहून गेलं होतं. उघड्या चढावर एका जागी ती उभी राहिली आणि म्हणाली, "इथे खणा."

लुंकानीचे दोघे पुढे आले. गुडघाभर खणल्यावर कुदळ दगडाला लागली. दगडावर क्रूस कोरलेला होता. मग तिनं झऱ्यामागची जागा दाखवली, मग उतारावरची. तिन्ही दगड निघाले. एकही जागा हातभरसुद्धा चुकली नाही.

लुंकानीवाल्यांनी आनंद केला नाही, असं सांगतात. एक म्हातारी फक्त म्हणाली, "म्हणजे आम्हाला नीट आठवत होतं." आणि ती तिथल्या तिथे मातीत बसली.

मग साफ्तानं ढेकूळ खाली ठेवलं आणि बारांपैकी कुणीही जे केलं नव्हतं ते केलं. तिनं विचारलं. आमचा झरा गेला आहे, तुमचं पाणी आम्हाला द्याल का? लुंकानीवाले आपसांत बोलले. फार वेळ लागला नाही. दर गुरुवारी देलेनीनं पाणी न्यावं, असं ठरलं.

"इतकंच होतं," परास्किवा खिडकीत हात पुसत म्हणते. "आठवड्यातला एक दिवस. पण बारा दाढ्यांमधून एक प्रश्न बाहेर येईना."

"बाई, गोष्ट मी सांगतोय," इलारिए म्हणतात.

"मग सगळी सांग. त्यांची जीभ परत आली का?"

इलारिए सांगतात, की पूर्वी ही गोष्ट सांगणारे म्हातारे इथे म्हणत, साफ्ता चालली आणि बाराही जणांना त्याच दिवशी पुन्हा चव आली. पण तसं झालं नसावं, असं तेही आता मान्य करतात. इस्त्राते मरेपर्यंत वेगळ्या भांड्यात जेवला आणि मरेपर्यंत म्हणत राहिला, की सगळ्या गावाचं जेवण अळणी झालं आहे. साफ्ताला देलेनीत पाच वर्षं कुणी आपल्या घरी बोलावलं नाही. कुणी तिला हाकललं नाही, इतकंच.

तोआदेर आणखी अकरा वर्षं जगला. त्याचे हात, मान, डोकं, काही परत आलं नाही. उन्हात बसला तर ऊन लागत नसे, पावसात बसला तर कुणीतरी आत आणावं लागे. मात्र त्या दिवसापासून तो जेवायला बसला, की चमचा हातात घेऊन थांबे. साफ्ता चाखे आणि म्हणे, बरोबर आहे. मग तो जेवे. ती नसली, तर शेजारच्या घरातलं एखादं मूल बोलावून आणे. गावातल्या सगळ्यांनी हे पाहिलं. आधी एका घरात तसं होऊ लागलं, मग दुसऱ्या. बारांपैकी शेवटचा म्हातारा गेला, तोवर देलेनीत मिठाचा निर्णय वडीलधाऱ्यांच्या हातात राहिला नव्हता. लुंकानीवाल्यांनीही ते घेतलं, का, ते त्यांनाच ठाऊक.

आजही तिस्माराच्या चारही गावांत, घरी, लग्नात, मयताच्या जेवणात, पंचायतीच्या सभागृहात, पानावरच्या सगळ्यात लहान माणसानं चाखून सांगितल्याशिवाय कुणी म्हातारा चमचा तोंडाला लावत नाही. सरपंच थांबतो, पाद्री थांबतो, मोश इलारिए थांबतात. परवाच्या जेवणात चाखायला चार वर्षांची एक मुलगी होती. तिनं एक चमचा घेतला, वर आढ्याकडे पाहिलं, पुन्हा एक चमचा घेतला. टेबलाभोवती सत्तरी ओलांडलेली चौदा माणसं वाफाळत्या चोर्बेपुढे चमचे धरून बसली होती. कुणी घाई केली नाही. तिनं तिसरा चमचा घेतला.